एक लायक जामीनदार

वकिलाच्या ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपल्या पायांनी येतात, खुर्ची ओढून बसतात आणि "आक्का, जरा पाणी मिळंल का?" असं म्हणतात. मी बावीस वर्षं कोल्हापुरात इनामदार वकिलांकडे कारकून आहे. शिक्षण बारावी. कायदा टाइप करता करता आला, आणि रोज संध्याकाळी वहीत चार ओळी लिहायची सवय माझी मीच लावून घेतली. वार, वेळ, कोण आलं, काय म्हणालं. सुरुवातीला वर्षाला एक वही पुरायची, आता तीन लागतात. गुन्हे तिप्पट झालेत असं नाही. माणसाला बाहेर काढायचे हेलपाटे तिप्पट झालेत!

लोकांना वाटतं, साहेबांनी "जामीन मंजूर" म्हटलं की माणूस सुटला. पेढे आणायला निघालेल्या किती नातेवाइकांना मी जिन्यावरून परत बोलावलंय, त्याची गणती नाही. जामीन मंजूर होतो तो कागदावर. माणूस आतच असतो. त्याला बाहेर काढायला जामीनदार लागतो, म्हणजे "हा तारखेला आला नाही तर मी जबाबदार" असं सही करून सांगणारा दुसरा माणूस. त्या माणसाला कागद लागतात. आणि त्या कागदांना आणखी कागद लागतात.

उचगावच्या दत्तू चव्हाणाचंच सांगते. तो एकूण सतरा दिवस आत होता. त्यांतले तेरा दिवस, जामीन मंजूर असताना!

✻

दत्तू आणि बंडू सख्खे भाऊ. घर एकच, मध्ये भिंत घालून दोन केलेलं. म्हैस दोघांत मिळून एक. ती बांधायची दत्तूच्या गोठ्यात, दूध दोन्ही घरांत. एका सकाळी गोठ्याचं पाणी बंडूच्या दारात गेलं म्हणून भांडण लागलं. दत्तू तेव्हा धार काढून उठला होता, हातात दुधाची किटली होती, तीच त्यानं फिरवली. बंडूनं डोकं वाचवायला डावा हात वर केला. किटली हातावर बसली. बंडू तसाच उठून पोलीस ठाण्यात गेला आणि त्यानं फिर्याद दिली.

दुपारपर्यंत दत्तू ठाण्यात. तोपर्यंत लावलेली कलमं जामीनपात्र होती. म्हणजे कोर्टात जायचंही कारण नव्हतं, ठाण्यातच जामीनदारानं सही करायची आणि माणूस घेऊन जायचा. दत्तूचे चुलते, बापूतात्या, लगेच आले. हवालदारांनी सगळं लिहून घेतलं आणि म्हणाले, "तात्या, दोन फोटो द्या."

फोटो नव्हते. समोरच स्टुडिओ होता. पण तात्या घाईत बोडकेच आले होते.

"बिनपटक्याचा फोटो? सरकारी कागदावर? माझ्या बापानं कधी काढला न्हाय!"

तात्या एस.टी.नं उचगावला गेले. ठेवणीतला पटका काढला, नातवाकडून बांधून घेतला, तो मनासारखा बसेना म्हणून सोडून परत बांधला. तीन तासांनी फोटो घेऊन ठाण्यात आले. तेवढ्यात दवाखान्यातून बंडूच्या हाताचा एक्स-रे आला होता. हाड मोडलेलं. कलम वाढलं. आता ठाण्याच्या हातात काही राहिलं नव्हतं, जामीन द्यायचा तर कोर्टानंच.

हवालदारांनी फोटो उलटसुलट करून बघितला आणि तात्यांना परत दिला.

"तात्या, फोटो झकास आलाय. घरात लावा."

✻

कलम वाढलं तसं त्या किटलीचं हत्यार झालं. पोलिसांनी पंचांसमोर ती जप्त केली. पंचनामा मी स्वतः वाचलाय: "एक ॲल्युमिनियमची जुनी वापरती किटली, कडीसह, एका बाजूस पोचा आलेली, आत अंदाजे अर्धा लिटर दूध." त्या दुधाचं पुढं काय झालं याचा उल्लेख कुठंही नाही.

दुसऱ्या दिवशी दत्तूची बायको शालन ठाण्यात गेली. नवऱ्याला भेटायला गेली असणार असं सगळ्यांना वाटलं. ती थेट मुद्देमालाच्या टेबलाकडं.

"साहेब, आमची किटली द्या. दूध कशात घालू?"

"बाई, तो मुद्देमाल आहे. केस संपल्यावर मिळंल."

"केस कवा संपंल?"

"आता तारखा पडतील. पाच वर्षं म्हणा, सात म्हणा."

शालननं बोटांवर वर्षं मोजली. मग म्हणाली, "तवर म्हस तरी राहील का ओ?"

ही म्हैस शालनचा जीव खात होती. नुकतीच व्यालेली, आणि दत्तूशिवाय कुणाच्याही हाताला पान्हा सोडायची नाही. शालन बसली की लाथ, जाऊ बसली की लाथ. कासेत दूध तटून राहायला लागलं होतं. डॉक्टर येऊन सांगून गेले होते की असंच चाललं तर कास सुजंल आणि म्हैस आटंल. उचगावात शेत जेमतेम, घर चालायचं ते त्या म्हशीवर. त्यामुळं शालन रोज सकाळी अकराला आमच्या बाकड्यावर येऊन बसायची आणि एकच विचारायची, "आज सोडत्यात का?"

✻

चौथ्या दिवशी जामीन अर्जाची सुनावणी होती. आदल्या संध्याकाळी मी अर्ज टाइप करत होते. शालन शेजारी उभी.

"आक्का, म्हशीचं लिवलं का?"

मी वकीलसाहेबांकडं बघितलं. ते म्हणाले, "अहो वहिनी, अर्जात म्हैस कशी लिहायची? आरोपी निर्दोष आहे, तपास पूर्ण झालाय, कायम पत्ता आहे, असं लिहायचं असतं."

"ते सगळं लिवा. पर शेवटाला म्हस लिवा."

लिहिली नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टात सरकारी वकील उठले. पोलिसांचं म्हणणं त्यांनी वाचून दाखवलं. त्यात नेहमीचं छापील वाक्य होतं, "आरोपीस जामिनावर सोडल्यास तो फरार होण्याची दाट शक्यता आहे." हे वाक्य मी बावीस वर्षं ऐकते आहे. पांगळ्या म्हाताऱ्याच्या अर्जावरही मी ते वाचलंय. कुणी कान देत नाही.

शालननं दिला. मागच्या बाकावरून ती ताडकन उठली.

"कुटं पळतोय ओ? दोन वक्ताला धारंला घरात असतोय! लगीन झाल्यापासनं मला एकदा जोतिबाला न्हेलं न्हाय, म्हस उपाशी ऱ्हाईल म्हणून! त्यो फरार हुतोय व्हय?"

शिपाई धावला, "बाई, खाली बसा, खाली बसा!" मी तिचा पदर ओढला. वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. जजसाहेबांनी फाइल चेहऱ्यासमोर धरली ती बराच वेळ खाली घेतली नाही. खाली घेतली तेव्हा म्हणाले, "जामीन मंजूर. जातमुचलका आणि एक लायक जामीनदार."

म्हशीनं जे केलं ते आमच्या चार पानांच्या अर्जाला जमलं नसतं. वकीलसाहेबांनी हे कबूल केलेलं नाही.

✻

आता एक लायक जामीनदार.

बापूतात्यांचा पटका तयारच होता. पण त्यांची जमीन आधीच मुलांच्या नावावर झालेली. मग शेजारचे भूपालअण्णा पुढं आले. जैन घर, ऊसशेती, खताचं दुकान, गावात शब्दाला मान. अण्णांनी सातबारा आणला. मी तो कोर्टातल्या क्लार्कांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, बोट फिरवत नावं मोजली आणि उतारा परत सरकवला.

"अकरा नावं आहेत. यात यांचा हिस्सा कुठला?"

अण्णा म्हणाले, "सगळाच आमचा की!"

"तसं चालत नाही. हिस्सा वेगळा दाखवा, नाहीतर बाकीच्यांची संमती आणा."

हिस्सा वेगळा करायचा म्हणजे वाटणी आली, आणि वाटणीचा विषय अण्णांच्या घरात काढायचा म्हणजे दुसरी किटली फिरायची. मी म्हटलं, "अण्णा, संमती लेखी आणा." अण्णा म्हणाले, "लेखी कशाला? माणसंच आणतो."

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या दारात टेम्पो उभा राहिला. अण्णा, दोन भाऊ, तीन बहिणी, सांगलीहून आलेली ऐंशी वर्षांची आत्ती, पुतणे, सगळे. शिपाई म्हणाला, "एकच जामीनदार सांगितला होता, बारसं आहे का काय?"

आत्तींनी आल्या आल्या विचारलं, "अंगठा कुटं करायचा?" एकेकाची संमती लिहून व्हायला दीड तास लागला. नऊ झाल्या. दहावा एक पुतण्या होता. तो खिडकीतून बाहेर बघत होता.

"तुमची?" क्लार्कांनी विचारलं.

"माझी न्हाय."

"मग आलात कशाला?"

"टेम्पोत जागा हुती म्हणून आलो. दत्तूची म्हस दोन वर्सांमागं माझा मका खाऊन गेल्या. मी कशाला संमती दीन?"

अण्णांनी सगळ्यांना परत टेम्पोत बसवलं. जाताना काय बोलणं झालं ते वहीत आहे, इथं लिहिण्यासारखं नाही.

✻

मग शालननं हुपरीला भावाला फोन केला. बाबासो. घरातच चांदीचे पैंजण करतो. सरळ मनाचा, आवाज मोठा. जमीन नाही.

बाबासो दुसऱ्याच दिवशी आला. खांद्याला कापडी पिशवी. मी विचारलं, "ऐपतीचा पुरावा आणलाय ना?"

"आणलाय की!"

आत गेलो. क्लार्कांनी कागद मागितले. बाबासोनं पिशवी टेबलावर उपडी केली. छन्न करून पैंजणांचा ढीग पडला. शेजारच्या कोर्टात उलटतपासणी चालली होती, ती थांबली.

"ही ऐपत! वजन करून घ्या पायजे तर!"

क्लार्क उठून उभे राहिले. "उचला! उचला आधी ते! ऐपतीचा दाखला म्हणजे तहसीलचा कागद असतो हो!"

"कागदापेक्षा चांदी खरी का न्हाय, पावणं?"

क्लार्कांना कुणी पावणं म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पैंजण मोजून पिशवीत भरताना एकाचा जोड मिळेना. टेबलं सरकवली. शेवटी तो एका जुन्या फौजदारी फाइलीत सापडला.

✻

दाखला काढायला पाच दिवस गेले. तलाठ्यांकडं दोन गावांचा चार्ज, ते असतील तेव्हा सर्व्हर नसायचा, सर्व्हर असेल तेव्हा ते दुसऱ्या गावात. सहाव्या दिवशी बाबासो दाखला नाचवत आला. शिक्का होता, सही होती. मी नेहमीच्या सवयीनं पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. शेवटच्या ओळीशी थांबले.

"सदरचा दाखला अर्जदाराच्या पाल्याच्या शैक्षणिक कामासाठी देण्यात येत आहे."

"बाबासो, हे काय?"

"कंप्युटरवरच्या पोरानं विचारलं कशाला पायजे. मी म्हटलं दाजी आत हाय. तो म्हणाला, कंप्युटरमदी 'दाजी' न्हाय. शिक्षण, शेती, आणि बँक, एवढीच तीन हाईत. म्हटलं शिक्षण घाला, चांगलं दिसतंय."

पुन्हा तहसील. पुन्हा दोन दिवस.

✻

मधल्या काळात शालनबरोबर मी जेलमध्ये मुलाखतीला गेले. मध्ये काच असते, अलीकडं एक फोन, पलीकडं एक फोन. दहा मिनिटं मिळतात. मी कागदांचं सांगायला गेले होते. दत्तूनं मला हातानंच थांबवलं.

"आक्का, ते ऱ्हाऊ दे. तिला फोन द्या."

शालननं फोन कानाला लावला. दत्तूनं पलीकडून शीळ घातली. बारीक, लांबडी, शेवटी जरा वर चढणारी. धारेला बसताना तो म्हशीला घालायचा ती.

"घाल बघू."

शालननं घातली. हवाच गेली.

"जीभ टाळ्याला लाव. आता घाल."

दहातली आठ मिनिटं हाच कार्यक्रम. शेजारच्या काचेशी एक म्हातारी मुलाशी रडत बोलत होती, ती पण रडायची थांबून बघायला लागली. ड्युटीवरचा शिपाई आधी ओरडला, मग म्हणाला, "वैनी, शेवट वर न्या, खाली पडतोय."

वेळ संपत आला तसं दत्तू मला म्हणाला, "आक्का, एक करा. मला जामीन झालाच न्हाय असं बरॅकीत सांगा म्हणावं ह्या शिपायास्नी. नऊ दिस झालं, सगळी पार्टी मागत्यात. मी म्हणतो, अरं मी हितंच हाय की! तर म्हणत्यात, आदेश झालाय न्हवं, मग पार्टी दे!"

परतीच्या बसमध्ये शालन उचगावपर्यंत शीळ घालत गेली. कंडक्टरची शिट्टी समजून ड्रायव्हरनं दोनदा बस थांबवली.

म्हशीनं ती शीळ ऐकून घेतली. मग लाथ मारली.

✻

दाखला दुरुस्त होऊन आला. यावेळी मी तो तीन वेळा वाचला. सातबाऱ्याचा प्रश्न नाही, बोजा नाही, फोटो आहेत, आधार आहे, प्रतिज्ञापत्र मी स्वतः टाइप केलेलं. बाबासोला बाहेर बाकड्यावर बसवून बजावलं, "साहेब विचारतील तेवढंच बोलायचं. जास्त एक अक्षर नाही."

"न्हाय बोलत."

साहेबांनी कागद बघितले. सगळं बरोबर होतं. शेवटचा प्रश्न विचारला, जो ते प्रत्येक जामीनदाराला विचारतात. "याआधी कुणाला जामीन राहिला आहात का?"

हा प्रश्न विचारायचं कारण आहे. कोर्टाच्या आवारात काही लोक रोजचा धंदा म्हणून जामीन राहतात, आज याला, उद्या त्याला. ते ओळखायला हा प्रश्न. नवीन माणूस "नाही" म्हणतो आणि संपतं.

बाबासोला वाटलं, अनुभव विचारताहेत. त्यानं छाती पुढं काढली.

"व्हय साहेब! तिघांना! एकाची बी तारीख चुकवू दिली न्हाय!"

वकीलसाहेबांनी डोळे मिटले.

आणि ते खरं होतं! एक शेजारी, एक मित्र, एक लांबचा पाहुणा. गल्लीत कुणाचं काही झालं की बाबासो धावत जायचा. इतका खरा माणूस मी त्या आठवड्यात दुसरा बघितला नाही. पण कागदावर चार जामीन दिसतात ते दिसतात. साहेब म्हणाले, "दुसरा जामीनदार आणा."

बाहेर आल्यावर बाबासोनं मला विचारलं, "आक्का, कमी पडलं का तीन?"

✻

सतराव्या दिवशी शालन बाकड्यावर बसली ती काही विचारायचीच थांबली होती. पाच लिटरची म्हैस दीड लिटरवर आली होती. वकीलसाहेब जामिनाची अट शिथिल करायचा अर्ज सांगत होते, मी टाइप करत होते.

दारात बंडू उभा राहिला. डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. उजव्या हातात प्लॅस्टिकची पिशवी.

शालन उठून भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. वकीलसाहेब म्हणाले, "बंडू, तू फिर्यादी. तू आमच्या ऑफिसात यायचं नाही. तुझं काम सरकारी वकिलांकडं."

बंडूनं पिशवी टेबलावर ठेवली. आत सातबारा, आठ-अ, आधार, दोन फोटो.

"सातबारा माझ्या एकट्याचा हाय. बोजा न्हाय. याआदी कुणालाबी जामीन ऱ्हाईलो न्हाय. बघा बसतंय का."

मी कागद बघितले. बावीस वर्षांत इतके चोख कागद माझ्या टेबलावर आले नव्हते.

वकीलसाहेबांनी कायद्याची तीन पुस्तकं उघडली. फिर्यादीनं आरोपीला जामीन राहू नये असं कुठंही लिहिलेलं नाही. लिहिणाऱ्याला सुचलंच नसणार.

दुपारी साहेबांसमोर उभं केलं. साहेबांनी कागद बघितले, प्लास्टर बघितलं, परत कागद बघितले.

"बंडू चव्हाण. फिर्यादीचंही नाव हेच आहे."

"मीच त्यो, साहेब."

"तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"म्हशीचा हाय."

"म्हणजे?"

"माझ्या बी पोरास्नी दूध लागतंय की, साहेब. ह्याच्याबिगर ती देत न्हाय."

साहेब जरा मऊ झाले. "मग तुमच्यात समेट झालाय असं समजायचं का? केस मिटवायची आहे?"

बंडूचा आवाज एकदम चढला. "मिटवायची कशी? हात माझा मोडलाय!"

साहेबांनी सही केली.

✻

सुटकेचा आदेश घेऊन मी स्वतः जेलवर गेले. कैदी सोडायची वेळ संपायच्या आत पोचले, याची वहीत वेगळी नोंद आहे. संध्याकाळी दत्तू बाहेर आला. शालन धारेच्या वेळेला घरी गेली होती, दारात मी आणि बंडू दोघंच.

आदेशातल्या अटी आरोपीला वाचून दाखवायच्या हे माझं काम. जामीनदाराच्या धावपळीत त्या कुणी नीट वाचल्या नव्हत्या, मीसुद्धा. वाचायला सुरुवात केली. एक, दर रविवारी पोलीस ठाण्यात हजेरी. दोन, परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही. तीन.

तीनशी मी अडखळले.

"तीन. आरोपीनं फिर्यादीस कोणत्याही प्रकारे भेटू नये, त्याच्याशी बोलू नये, त्याच्या संपर्कात राहू नये."

दत्तू आणि बंडू समोरासमोर उभे. दोघांनी एकदम दुसरीकडं तोंड केलं.

"आणि जामीनदारानं," मी पुढं वाचलं, "आरोपीस प्रत्येक तारखेस कोर्टात हजर ठेवावे."

मग बंडू जेलच्या भिंतीकडं बघत म्हणाला, "आक्का, त्याला इचारा, गाडी चालवतोय का म्हणावं. मला हात न्हाय."

✻

पुढची तारीख महिन्याभरानं होती. मी कोर्टाच्या गेटपाशी उभी होते, न भेटण्याची अट शिथिल करायचा अर्ज बगलेत तयार होता, पण तो अजून दाखल व्हायचा होता. मोटरसायकल आत आली. दत्तू चालवतोय, मागं बंडू, प्लास्टरच्या हातात कागदांची पिशवी. नेमके सरकारी वकील तिथंच गाडी लावत होते.

पुकारा झाला. सरकारी वकील उठले. "साहेब, आरोपीनं अटीचा उघड भंग केलाय. तो आणि फिर्यादी एकाच गाडीवरून आले. मी स्वतः पाहिलंय. जामीन रद्द व्हावा."

वकीलसाहेब फाइलीची पानं उगाच मागंपुढं करायला लागले. शालननं माझा हात धरला होता. म्हैस चार लिटरवर आली होती.

साहेबांनी दत्तूला विचारलं, "फिर्यादीला भेटायचं नाही, ही अट माहीत होती?"

"व्हय, साहेब."

"मग?"

"फिर्यादीला मी भेटलोच न्हाय. मला जामीनदारानं आणलं."

साहेब बंडूकडं वळले. "तुम्ही सांगा. हा वाटेत तुमच्याशी बोलला का?"

"बोलला की! उचगावपासनं हितपर्यंत शिव्या देत आला, साहेब. नीट बस म्हणून."

कोर्टात हशा झाला. शिपायानं "शांत, शांत" केलं. साहेब हसले नाहीत. पेन उचलून म्हणाले, "हा गंभीर प्रश्न आहे. तुमचं म्हणणं मला नोंदवावं लागेल. याचा जामीन रद्द करू की नको?"

शालनची बोटं माझ्या मनगटात रुतली.

बंडूनं प्लास्टरचा हात सावरला, जरा विचार केला.

"साहेब, फिर्यादी म्हणून इचारत असशीला तर घाला आत, माझी ना न्हाय. जामीनदार म्हणून इचारत असशीला तर सोडा, संध्याकाळची धार हाय. आता कुणाला इचारताय तेवढं सांगा, म्हणजे त्या हिशोबानं सही करतो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. खिडकीबाहेर बघितलं. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. मग स्टेनोला म्हणाले,

"लिहा. आरोपी हजर. फिर्यादी हजर. जामीनदार हजर. पुढची तारीख."